शितावरून भाताची, टक्क्यावरून राष्ट्राध्यक्षाची

अमेरिकेत एक नोकरी अशी आहे की तिथल्या माणसाचं प्रगतिपुस्तक वर्षाकाठी येत नाही, दर आठवड्याला येतं. त्यावर शेरा मारणारे साहेब म्हणजे कुठलेकुठले हजारभर अनोळखी लोक. नोकरी राष्ट्राध्यक्षाची आणि शेऱ्याचं नाव ‘अ‍ॅप्रूव्हल रेटिंग’. आपण त्याला पसंतीचा टक्का म्हणू. हा टक्का चढला की व्हाइट हाउसमध्ये पेढे, उतरला की ‘चाचण्याच खोट्या’. पण तो मोजतो नेमकं काय? सत्तर-ऐंशी वर्षांचे आकडे चाळले तर मोठ्या गमती सापडतात.

१. प्रश्न एवढासाच

ट्रूमन यांच्या काळापासून गॅलप संस्थेचा प्रश्न जवळपास त्याच शब्दांत विचारला गेला. त्याचा आशय असा: अमुक राष्ट्राध्यक्ष आपलं काम ज्या रीतीने सांभाळत आहेत, ती तुम्हाला मान्य आहे की अमान्य? बस्स. माणूस आवडतो का, हे यात विचारलेलं नाही. मत देणार का, हेही नाही. देश नीट चाललाय का, हा तर वेगळाच प्रश्न. बातमीत मात्र या चारही प्रश्नांची एकच खिचडी होते. प्रश्न दशकानुदशकं बदलला नाही, म्हणूनच १९४५ चा आकडा आजच्या शेजारी ठेवता येतो. या मोजपट्टीची खरी किंमत तिच्या जुनेपणात आहे.

२. सुरुवात सासूबाईंपासून

जॉर्ज गॅलप आयोवा राज्यातले. त्यांच्या सासूबाई ओला बॅबकॉक मिलर १९३२ साली तिथल्या ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ या पदासाठी उभ्या राहिल्या. जावयाने आपलं पाहणीचं शास्त्र पहिल्यांदा राजकारणात वापरलं ते सासूबाईंसाठी. सासूबाई निवडून आल्या आणि त्या पदावर बसणाऱ्या आयोवातल्या पहिल्या महिला ठरल्या. १९३५ मध्ये जावयाने जनमत चाचण्यांची संस्था काढली. पुढे जगभर ‘गॅलप पोल’ हा शब्दच रूढ झाला.

३. तेवीस लाख उत्तरं, तरी नापास

१९३६. ‘लिटररी डायजेस्ट’ या गाजलेल्या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना पोस्टाने मतपत्रिका पाठवल्या. २३ लाखांच्या आसपास परत आल्या. निष्कर्ष छापला: रूझवेल्ट पडणार, आल्फ लँडन येणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. लँडन यांच्या पदरात मेन आणि व्हरमाँट एवढीच.

चुकलं कुठे? पत्ते घेतले होते टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदींतून. मंदीच्या दिवसांत घरी फोन आणि दारात मोटार असलेला माणूस कोणाचा मतदार असणार? शिवाय चवताळून उत्तर पाठवणारे वेगळे आणि गप्प बसणारे वेगळे. गॅलप यांनी त्यामानाने चिमूटभर लोकांना विचारून रूझवेल्ट जिंकणार हे सांगितलंच, वर ‘डायजेस्ट’चा अंदाज काय येईल हेही आधीच छापून टाकलं. १९३८ मध्ये साप्ताहिक बंद पडलं.

४. शीत एकच, पण कुठलं?

३३ कोटींच्या देशात हजार लोकांना विचारून काय कळणार, ही शंका नेहमीची. आपल्या घरात या शंकेचं उत्तर रोज दिलं जातं. भात शिजला का, हे बघायला कोणी अख्खं पातेलं चिवडत नाही, एक शीत दाबून बघतात. पातेलं दोघांचं असो की लग्नाच्या पंगतीचं, शीत तेवढंच लागतं. अट एकच: शीत कुठूनही उचललेलं हवं. वरवरचंच उचललं तर तळ करपलेला कळणार नाही. ‘डायजेस्ट’ने नेमकं तेच केलं.

हजारांच्या नमुन्यात साधारण ३ टक्क्यांची चूक इकडे किंवा तिकडे गृहीतच असते. म्हणजे गेल्या महिन्यात ४४ आणि या महिन्यात ४६ आले तर लोकप्रियता वाढली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. मथळा मात्र ‘उसळी’चा असतो.

५. मत नाही, पण मताला किंमत आहे

काही चाचण्या सगळ्या प्रौढांना विचारतात, काही फक्त नोंदणीकृत मतदारांना, तर काही ‘मतदानाला जाण्याची शक्यता असलेल्यांना’. पहिल्या प्रकारात नागरिकत्वाची अट नसते. म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारा, ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभा असलेला एखादा नाशिककरही राष्ट्राध्यक्षांच्या कामावर शेरा मारू शकतो. मतदानाच्या दिवशी मात्र त्याने घरीच बसायचं. एकाच आठवड्यात दोन संस्थांचे आकडे वेगळे आले की लगेच ‘सेटिंग’चा संशय घेऊ नये. आधी बघावं, विचारलं कोणाला.

६. संकट आलं, टक्का वाढला

सप्टेंबर २००१ च्या पहिल्या दहा दिवसांत धाकट्या बुश यांचा टक्का होता ५१. ११ तारखेला जुळे मनोरे कोसळले. त्याच आठवड्याच्या शेवटी टक्का ८६, पुढच्या आठवड्यात ९०. गॅलपच्या इतिहासातला हा सर्वोच्च आकडा. दोन आठवड्यांत त्या माणसाची कार्यक्षमता जवळजवळ दुप्पट झाली होती का? नाही. घर पेटल्यावर भावकी भांडणं विसरते, तसा देश झेंड्याभोवती गोळा झाला होता.

राज्यशास्त्रज्ञ जॉन म्यूलर यांनी १९७० मध्ये या उसळीचा अभ्यास मांडला. घटना परदेशाशी संबंधित हवी, राष्ट्राध्यक्ष तिच्यात थेट गुंतलेला हवा आणि ती अचानक, नाट्यमय हवी. या उसळीला तिथे ‘झेंड्याभोवती जमणं’ असंच नाव आहे.

गंमत म्हणजे फजितीही चालते. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबातल्या ‘बे ऑफ पिग्ज’ मोहिमेचा पुरता बोऱ्या वाजला आणि केनेडी यांचा टक्का चढून ८३ झाला. आपण जितकं वाईट करतो तितकं लोकांना आवडतं, अशा अर्थाचं ते स्वतःच वैतागून बोलले होते. कार्टर यांचंही तसंच. तेहरानमध्ये नोव्हेंबर १९७९ मध्ये अमेरिकी दूतावासातले लोक ओलीस धरले गेले आणि टक्का ३२ वरून तीनेक महिन्यांत ५८ वर गेला. पण ओलीस काही सुटेनात. पुढच्या उन्हाळ्यात टक्का पुन्हा तिशीच्या आसपास आणि नोव्हेंबरात कार्टर घरी. उसळी म्हणजे उसनवारी, परत मागायला लोक येतातच.

७. एकोणनव्वदवरून थेट घरी

थोरल्या बुश यांची गोष्ट तर परीक्षेत पहिला येऊन वर्षअखेर नापास झालेल्या मुलासारखी. आखाती युद्ध जिंकल्यावर १९९१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये टक्का ८९. ‘याच्यासमोर कोण उभं राहणार?’ म्हणून विरोधी पक्षातले बडे नेते मागे सरले. १९९२ च्या उन्हाळ्यात तोच टक्का २९. नोव्हेंबरात अर्कान्सासचे गव्हर्नर बिल क्लिंटन यांनी त्यांना हरवलं.

यातला खरा चिमटा पुढे आहे. मंदी कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे ठरवणारी अर्थतज्ज्ञांची एक समिती अमेरिकेत आहे. तिने जाहीर केलं की मंदी मार्च १९९१ मध्येच संपली होती, म्हणजे टक्का शिखरावर होता त्याच महिन्यात. पण हे जाहीर झालं कधी? डिसेंबर १९९२ मध्ये, निवडणूक हरून महिना उलटल्यावर! अर्थात ते आधी कळलं असतं तरी फार उपयोग नव्हता. जून १९९२ मध्ये बेरोजगारी ७.८ टक्क्यांवर गेली होती. मंदी कागदावर संपते तेव्हा घरात संपतेच असं नाही आणि टक्का घरातून येतो, कागदावरून नव्हे.

८. महाभियोगाची भेट

१९ डिसेंबर १९९८. प्रतिनिधीगृहाने क्लिंटन यांच्यावर महाभियोग मंजूर केला. त्याच दिवसांतल्या पाहणीत त्यांचा टक्का ७३, त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वाधिक. ‘हा माणूस प्रामाणिक आहे का?’ असं विचारल्यावर मात्र बहुसंख्य लोक नाही म्हणत होते. विसंगती? मुळीच नाही. प्रश्न क्रमांक एक आठवा: ‘काम’ मान्य आहे का, एवढंच विचारलं होतं. अर्थव्यवस्था जोरात होती. लोकांनी माणूस आणि काम यांचे दोन वेगळे पेपर तपासले. आपणही सुतार निवडताना त्याचं चारित्र्य बघत नाही, दार नीट बसतंय का ते बघतो.

९. एका सहीची किंमत २१ टक्के

ऑगस्ट १९७४. वॉटरगेट प्रकरणात निक्सन २४ टक्क्यांवर येऊन पायउतार झाले. जेराल्ड फोर्ड आले ते ७१ टक्क्यांनी. ८ सप्टेंबरला, एका रविवारी, फोर्ड यांनी निक्सन यांना संपूर्ण माफी दिली. महिना संपेपर्यंत टक्का ५०. १९७६ ची निवडणूकही गेली.

आता पुढचं पान उलटा. २००१ मध्ये याच माफीसाठी फोर्ड यांना केनेडी ग्रंथालयाच्या प्रतिष्ठानाचा धैर्यासाठीचा पुरस्कार मिळाला. तेव्हा माफीला विरोध करणारे सिनेटर एडवर्ड केनेडी या सोहळ्यात आपली चूक कबूल करायला हजर होते. पेपर तोच, उत्तरही तेच, फक्त सत्तावीस वर्षांनी पुन्हा तपासला.

१०. पस्तीसवर असताना कोणाला संपलं म्हणू नये

जानेवारी १९८३ मध्ये रीगन यांचा टक्का होता ३५. बेरोजगारी दोन आकड्यांत. दुसऱ्यांदा उभे राहणार का, यावरही चर्चा. १९८४ मध्ये त्यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली. म्हणून मध्यावरचा टक्का पुढच्या निवडणुकीचं भाकीत मानू नये. थोरले बुश ८९ वरून हरले, रीगन ३५ वरून जिंकले. निवडणुकीला सहा महिने उरले की मग या आकड्याकडे जरा गंभीरपणे बघावं.

११. दोन्ही टोकं पाहिलेले: हॅरी ट्रूमन

जून १९४५ मध्ये ट्रूमन यांचा टक्का ८७. रूझवेल्ट जाऊन दोन महिने झालेले, जर्मनी शरण आलेली, मिसूरीच्या या साध्या माणसाला देश सांभाळून घेत होता. फेब्रुवारी १९५२ मध्ये तोच टक्का २२. हा गॅलपच्या नोंदीतला नीचांक, निक्सन यांच्याही खाली. कोरियात युद्ध रेंगाळलेलं, महागाई, कर खात्यातले घोटाळे, आणि एप्रिल १९५१ मध्ये लोकांचे लाडके सेनापती मॅकार्थर यांना ट्रूमन यांनी पदावरून काढलेलं. मार्च १९५२ मध्ये त्यांनी पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं.

चाचण्यांशी त्यांचं नातं तसं आधीपासूनच तिखट. १९४८ मध्ये सगळ्या प्रमुख चाचण्या म्हणत होत्या की विरोधी उमेदवार डुई जिंकणार. चाचणीवाल्यांना इतकी खात्री की मतदानाच्या बरेच दिवस आधी त्यांनी विचारणंच थांबवलं. भात अजून शिजत होता आणि यांनी गॅस बंद करून पानं मांडली! शिकागोच्या ‘ट्रिब्यून’ने तर डुई यांच्या विजयाचा मथळा छापूनच टाकला. जिंकलेले ट्रूमन तो अंक दोन्ही हातांनी उंच धरून हसताहेत, तो फोटो आजही निवडणूक आली की फिरतो.

पुढे त्यांनी एका टिपणात लिहून ठेवलं, मोझेसने इजिप्तमध्ये आधी जनमत चाचणी घेतली असती तर तो कुठवर पोचला असता? मार्शल योजना, नाटो, सैन्यातला वर्णभेद संपवणारा १९४८ चा आदेश ही सगळी याच माणसाची कामं. सी-स्पॅन वाहिनीने इतिहासकारांना क्रमवारी लावायला सांगितली तेव्हा ट्रूमन २००० मध्ये पाचवे आणि २०२१ मध्ये सहावे आले.

१२. गोठलेला टक्का

पूर्वी टक्का पाळण्यासारखा झुलायचा. हल्ली तो खुंटीला टांगल्यासारखा एका जागी असतो. आयझेनहॉवर रिपब्लिकन, पण डेमोक्रॅट लोकांपैकी सरासरी ४९ टक्के त्यांच्या कामाला मान्यता देत. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत स्वपक्षाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास लोकांना काम पसंत आणि विरोधी पक्षातल्या दहा टक्क्यांनाही नाही. त्या चार वर्षांत गॅलपच्या पाहणीत त्यांचा टक्का एकदाही ५० ला टेकला नाही, सरासरी ४१ राहिली. बायडन यांची सरासरीही ४२ च्या घरात.

आणखी एक प्राणी नामशेष होत चाललाय: ‘मत नाही’ म्हणणारा. जानेवारी १९६९ मध्ये निक्सन आले तेव्हा ५९ टक्के मान्य, ५ टक्के अमान्य आणि ३६ टक्के लोक म्हणाले, थांबा, बघू तर द्या काय करतो ते. २०१७ मध्ये ट्रम्प आले त्या आठवड्यात ४५ मान्य, ४५ अमान्य. पेपर लिहायला बसण्याआधीच तपासून झालेला. असं असेल तर टक्का कामगिरी कमी आणि जात-गोत्र जास्त सांगतो.

१३. हॅलो, कोण बोलतंय?

प्यू संशोधन केंद्राच्या नोंदीनुसार १९९७ मध्ये चाचणीसाठी फोन केला तर १०० पैकी ३६ जण बोलायचे. २०१८ मध्ये ६. उरलेले ९४ अनोळखी नंबर बघून फोन उलटा ठेवतात. आपणही तेच करतो. मग उचलणाऱ्या सहांवरून सगळ्यांचा अंदाज बांधताना वय, शिक्षण, वंश, प्रांत असे वजनकाटे लावावे लागतात. अनेक संस्था आता ऑनलाइन पाहणीकडे वळल्या आहेत. म्हणून एका चाचणीवर विसंबू नये, चार संस्थांची सरासरी बघावी.

१४. पेपर माझा, तपासणाराही मीच

राष्ट्राध्यक्षांनी स्वतःला दिलेले गुण हा वेगळाच करमणुकीचा कार्यक्रम. डिसेंबर २००९ मध्ये ओप्रा विनफ्री यांनी विचारलं तेव्हा ओबामा यांनी स्वतःला ‘बी प्लस’ दिला. फेब्रुवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांनी कामगिरीला ‘ए’, मेहनतीला ‘ए प्लस’ आणि काम लोकांपर्यंत पोचवण्याला ‘सी’ किंवा ‘सी प्लस’ दिला. पुढच्या वर्षी मात्र सरसकट ‘ए प्लस’. स्वतःच्या पेपरात ‘सी’ देण्याचा मोह फार काळ टिकत नाही.

१५. माजी झाला की गोड

पद सुटलं की टक्का आपोआप पिकतो. गॅलपने २०२३ मध्ये जुन्या राष्ट्राध्यक्षांबद्दल विचारलं. २००८ च्या शरदात २५ पर्यंत घसरलेले धाकटे बुश ५७ वर. कार्टर यांना जाताना जेमतेम ३४ होते, तेही ५७ वर. केनेडी तर ९०! पदावर असताना त्यांची सरासरी ७० होती आणि तीही आजवरची सर्वाधिक. अपवाद निक्सन, ३२ वरच अडकलेले. काही लोणची मुरत नाहीत.

१६. बातमी वाचताना

टक्का मागच्या पाहणीपेक्षा ३ पेक्षा कमी हलला असेल तर चहा गार होऊ देऊ नका. विचारलं कोणाला, तेही बघा: प्रौढांना की मतदारांना? मधल्या काळात युद्ध, हल्ला, संकट आलंय का, ते तपासा. आणि एका आकड्यापेक्षा सहा महिन्यांचा कल बघा. शीत दाबून भात शिजला का एवढंच कळतं. जेवण पचलं का, ते दुसऱ्या दिवशी कळतं.

१७. आणि ज्याचा टक्काच नाही

इतिहासकारांच्या सी-स्पॅन यादीत पहिला कोण, यावर वाद होत नाही: अब्राहम लिंकन. तळाला जेम्स बुकॅनन. अवघे ३१ दिवस पदावर राहून वारलेले विल्यम हेन्री हॅरिसनही त्यांच्या वर आहेत. म्हणजे काहीच न करणं हेही कधीकधी जमेला धरलं जातं!

लिंकन यांच्या वेळी जनमत चाचण्या नव्हत्या. असत्या तर १८६४ च्या उन्हाळ्यात त्यांचा टक्का फार चांगला नसता, असं खुद्द त्यांनाच वाटत होतं. २३ ऑगस्टला त्यांनी एका कागदावर लिहिलं की हे सरकार पुन्हा निवडून येणं अवघड दिसतंय. तसं झालं तर निवडणूक आणि नव्या माणसाचा शपथविधी यांच्या मधल्या काळात त्याच्याबरोबर मिळून देशाची एकी राखणं हे आपलं कर्तव्य राहील. कागद घडी घालून चिकटवला आणि मंत्र्यांपुढे ठेवला. आत काय आहे हे न वाचताच प्रत्येकाने मागे सही केली.

दहा दिवसांनी अटलांटा पडलं. यादवी युद्धाचं वारं फिरलं. नोव्हेंबरात लिंकन २१२ विरुद्ध २१ निर्वाचक मतांनी जिंकले आणि मग तो कागद मंत्रिमंडळात उघडून वाचला गेला. टक्का घसरला म्हणून काय करायचं, याची कोणी चाचणी घेतली नव्हती. हरणार हे धरून चालून उरलेले दिवस कामाला कसे लावायचे, एवढंच त्यात लिहिलेलं होतं.